नगेट्सची उन्हाळी खरेदी: पोर्टर दिला, मिळवलं काय?

पास_देणारा (टिळकवाडी)

२०२५चे गणपती झाले, युरोबास्केटही संपलं. एनबीए, म्हणजे अमेरिकेची बास्केटबॉल लीग, सुरू व्हायला महिनाभर उरलाय, म्हणून आपल्या डेन्व्हर नगेट्सचा हा धागा. मे महिन्यात प्लेऑफमध्ये ओकेसीविरुद्धचा (ओक्लाहोमा सिटी थंडर) सातवा सामना हरल्यावर इथे जी रडारड झाली, त्यावरून बेळगाव-निपाणी पट्ट्यात किती नगेट्सवाले लपून बसलेत ते कळलं. आता सगळ्यांनी बाहेर या.

काय काय झालं ते आधी मांडतो. मायकेल पोर्टर ज्युनियर आणि २०३२चं फर्स्ट राउंड पिक (नवे खेळाडू निवडायच्या ड्राफ्टमधला पहिल्या फेरीचा हक्क), तेही अनप्रोटेक्टेड म्हणजे बिनअटीचं, ब्रुकलिनला गेलं आणि तिकडून कॅमेरॉन जॉन्सन आला. डारियो शारिच सॅक्रामेंटोला गेला, बदल्यात योनास व्हालानचुनास. ब्रूस ब्राऊन परत आला, टिम हार्डवे ज्युनियर डेट्रॉइटहून आला, दोघेही किमान पगारावर. गार्ड रसेल वेस्टब्रूकने करारातला पुढच्या वर्षाचा पर्याय नाकारला आणि आपल्या लोकांनीही त्याला थांब म्हटलं नाही. एप्रिलमध्ये रेग्युलर सीझनचे तीन सामने बाकी असताना कोच मालोन आणि जनरल मॅनेजर बूथ दोघांनाही काढलं होतं, तेव्हा हंगामी म्हणून बसवलेला डेव्हिड अॅडलमन आता कायमचा कोच झाला. बूथच्या जागी बेन टेन्झर आणि जॉन वॉलेस.

माझं म्हणणं असं की पोर्टर भारी की जॉन्सन भारी यावर भांडण्यात अर्थ नाही. पोर्टरचा येत्या सीझनचा पगार ३.८ कोटी डॉलरच्या वर, जॉन्सनचा साधारण २.१ कोटी. मधले जे १.७ कोटी सुटले, खरा ट्रेड तो. ओकेसीविरुद्ध आपल्याकडे सहा-सात माणसं होती, त्यांच्याकडे दहा. सातवा सामना १२५-९३ असा गेला तो काही आपला सेंटर जोकिच कमी पडला म्हणून नाही. आता बेंच झालं. माझ्या मते व्यवहार चांगला.

तुमचं काय मत? आणि दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: हा व्यवहार जमला की फसला हे जानेवारीत बसून कशावरून ठरवायचं?

निपाणीकर_निर्व्यसनी

पयला नंबर. म्हशीचं बगून येतो, मग लिवतो.

आखाडा (येळ्ळूर)

असहमत. सरळ बघा की. पोर्टर २७ वर्षांचा, जॉन्सन २९. पोर्टर सहा फूट दहा इंच, जॉन्सन सहा-आठ. मागच्या सीझनला पोर्टरचे सामन्याला ७ रिबाउंड, जॉन्सनचे ४ च्या आसपास. गुण दोघांचेही १८ च्या घरात, पण जॉन्सनने ते ब्रुकलिनमध्ये काढले, जिथं शॉट मारायला दुसरं कोण फारसं नव्हतंच.

तरुण आणि उंच माणूस द्यायचा, वयानं मोठा आणि बुटका घ्यायचा, आणि वर पिक पण आपणच द्यायचं? असला सौदा शनिवारच्या बाजारात कुणी केला तर घरात घेणार नाहीत. पैसे वाचले म्हणता, ते मालकाचे वाचले. माझे काय वाचले?

२०२३ च्या फायनलचा पाचवा सामना आठवा. ९४-८९. कुणाचाच थ्री (तीन गुणांचा शॉट) पडत नव्हता. त्या रात्री ह्याच पोर्टरने १६ गुण आणि १३ रिबाउंड काढले होते. लोक लगेच विसरतात.

गनर_गणेशपूर

मालकाचे पैसे वाचले ते कुठे गेले मी सांगतो. नगेट्सचे मालक क्रोएंके, त्यांचाच आर्सेनल फुटबॉल क्लब आहे. यंदा झुबिमेंडी, ग्योकेरेस, एझे, सगळे आले. नगेट्सवाल्यांचे मनापासून आभार 🙏

आखाडा (येळ्ळूर)

@गनर, तरी लीग मिळणार नाही तुम्हाला.

गनर_गणेशपूर

हा फटका बास्केटबॉलच्या धाग्यावर अपेक्षित नव्हता.

पास_देणारा (टिळकवाडी)

आखाडा, तुझे आकडे बरोबर आहेत, पण १८ गुण कसे येतात ते बघ. पोर्टरकडे बॉल गेला की तो शॉट. अंगावर कोणी आलं तरी तो वरून मारतो, उंची आहे, आणि पडतातही. पण डिफेन्डर धावत आला, त्याला चकवून दोन पावलं आत गेला, तिथून पास दिला, असं तू पोर्टरला किती वेळा पाहिलंस? जॉन्सन ते करतो. २०२१ ला फिनिक्सबरोबर फायनल खेळलाय, क्रिस पॉलच्या हाताखाली. शॉट, ड्राइव्ह की पास हे अर्ध्या सेकंदात ठरवायचं, ही जोकिचच्या संघाची गरज आहे.

आणि क्लिपर्सविरुद्ध पोर्टरचा खांदा गेला होता, तसाच तो सगळे सामने खेळला. त्याबद्दल मान आहेच. पण पाठीच्या शस्त्रक्रिया झालेल्या माणसावर ३.८ कोटी अडकवून पुढची दोन वर्षं बसायचं का, हा प्रश्न होता.

२०३२ ला जोकिच ३७ वर्षांचा असेल. पिक आत्ता नाही वापरायचं तर कधी?

उद्यमबागकर

आमच्यासारख्याला हे पगाराचं गणित जास्त कळतं, म्हणून लिहितो.

२०२३ च्या नव्या करारापासून एनबीएत दोन एप्रन आहेत, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरच्या दोन वरच्या रेषा. येत्या सीझनला कॅप (पगाराची मूळ मर्यादा) १५.४६ कोटी डॉलर, टॅक्सची रेषा १८.७९ कोटी, दुसरा एप्रन २०.७८ कोटी. टॅक्स ओलांडला तर पैसे भरून सुटता येतं. दुसरा एप्रन ओलांडला की नुसते पैसे भरून भागत नाही, हातच बांधतात. दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही. दिला त्याहून जास्त पगार परत घेता येत नाही. मिड-लेव्हलचा (मधल्या पगाराचा) करार देता येत नाही. सात वर्षांनंतरचं फर्स्ट राउंड पिक गोठतं, ट्रेडमध्ये वापरताच येत नाही.

जोकिच, मरे, गॉर्डन, पोर्टर या चौघांचे पगार मिळूनच कॅपच्या वर जात होते. आमच्या शेजारच्या युनिटवाल्यानं एक मोठी व्हीएमसी (धातू कापायचं संगणकी मशीन) कर्जावर घेतली. मशीन उत्तम, काम अचूक. पण हप्ता एवढा की ऑपरेटर सुट्टीवर गेला तर दुसरा ठेवायला पैसे नाहीत, स्पिंडल गेला तर मशीन पंधरा दिवस झाकून. पोर्टरचं तसंच होतं. माल वाईट नव्हता, हप्ता वाईट होता.

बूथनं स्वस्तातली पोरं वाढवून यातून वाट काढायचं ठरवलं. २०२३ ला ब्राऊन इंडियानाला गेला, जेफ ग्रीन ह्यूस्टनला. २०२४ ला केसीपी (काल्डवेल-पोप) ऑर्लँडोला. दरवर्षी एक पाय काढत गेले आणि पोरं शिकतील म्हणाले. ख्रिश्चन ब्रॉन शिकला, त्यात वाद नाही. बाकीच्यांवर मालोनचा भरवसाच बसला नाही, ओकेसीच्या सहाव्या सामन्यात स्ट्रॉदरनं १५ गुण मारेपर्यंत तो आहे हेच लोकांना माहीत नव्हतं. कोच आणि मॅनेजर दोघांचं पटत नव्हतं हे जगजाहीर होतं, शेवटी दोघेही गेले.

कुंदा_विथ_कॉफी

काका, एवढं सगळं लिहीपर्यंत शिफ्ट संपली असेल. पण +१.

सौ_अनगोळ

मी मुलांचे डबे भरता भरता सामने बघते. डेन्व्हरचे घरचे सामने आपल्याकडे सकाळी साडेसहा-साडेसातला असतात, त्यामुळे पहिलं क्वार्टर पोळ्या, दुसरं क्वार्टर भाजी. ज्याला वाटतं बायका हे बघत नाहीत त्याच्यासाठी सांगितलं.

मला ब्रूस ब्राऊनबद्दल बोलायचंय. सगळे नाचताहेत की २०२३ चा माणूस परत आला. त्या फायनलच्या चौथ्या सामन्यात मायामीत त्यानं २१ गुण मारले, त्यातले ११ चौथ्या क्वार्टरमध्ये, ते मीही विसरलेले नाही. पण त्यानंतर तो इंडियानाला दोन वर्षांच्या साडेचार कोटींवर गेला, अर्ध्या सीझनला सियाकमच्या ट्रेडमध्ये टोरंटोला, मग इन्ग्रमच्या ट्रेडमध्ये न्यू ऑर्लिन्सला. मध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया. आता किमान पगारावर कुठलाही मोठा करार न मिळता परत आलाय. बाजारानं त्याची किंमत काय लावली ते दिसतंय ना? आठवणींवर माणसं घ्यायची नसतात.

तरी मला तो हवाच होता. जोकिचनं बॉल धरला की कुठल्या क्षणी बास्केटकडे पळायचं हे त्याला न सांगता कळतं, ते कुठल्याही नव्या माणसाला शिकवायला सहा महिने लागतात. फक्त त्याच्याकडून वीस मिनिटं चांगला डिफेन्स आणि चार-पाच कट एवढंच मागा.

मलप्रभाकाठ (खानापूर)

ताई, पोळ्या करपल्या तर त्याला जबाबदार मरे की जोकिच?

सौ_अनगोळ

मरे. फ्री थ्रोला उगीच वेळ लावतो.

ताळेबंद (चिकोडी)

धागाकर्त्यांच्या मांडणीत एक फट आहे, ती दाखवतो. १.७ कोटी सुटले म्हणून बेंच झालं, असं तुम्ही म्हणालात. पण ब्राऊन आणि हार्डवे किमान पगारावर आलेत. किमान पगाराचा करार दुसरा एप्रन ओलांडलेल्या संघालाही देता येतो. म्हणजे पोर्टर असताही हे दोघे येऊ शकले असते. त्यांना पोर्टरच्या खात्यावर जमा करू नका.

मग त्या सुटलेल्या पैशांनी आलं कोण? एकच. व्हालानचुनास. त्याचा पगार १ कोटीच्या वर, शारिचचा त्याच्या साधारण निम्मा. हा फरक पोर्टर असताना पेलला नसता.

तेव्हा खरा ट्रेड असा लिहा: पोर्टर आणि २०३२चं पिक दिलं, जॉन्सन आणि जोकिच बाकावर असताना उभा राहील असा सेंटर घेतला. शिवाय ब्रॉन आणि पेटन वॉटसन यांच्या एक्स्टेन्शनला (करार वाढवायला) थोडी जागा झाली, त्याचं काय होतं ते ऑक्टोबरात कळेल. बाकी सगळी सजावट.

पास_देणारा (टिळकवाडी)

ताळेबंद, हे चांगलं सापडवलंत. ठीक, मग व्हालानचुनासलाच धरू. मला अजूनही सौदा चांगलाच वाटतो, उलट जास्त स्पष्ट झाला.

आखाडा (येळ्ळूर)

म्हणजे ३३ वर्षांच्या बॅकअप सेंटरसाठी पोर्टर आणि पिक. वा. आता तर अजून वाईट दिसायलाय.

निपाणीकर_निर्व्यसनी

आलो. म्हैस बरी हाय.

व्हालानचुनासला बोलायचं तर मला लई आनंद हाय आणि थोडी भीती पण. आनंद का, तर आजवर जोकिच बसला की आमच्याकडं कोण उभा राहायचा? डिआंड्रे जॉर्डन. माणूस देव आहे, बाकावर बसून टाळ्या वाजवण्यात त्याचा हात कोण धरत न्हाई, पण खेळायचं वय गेलं. शारिचला वर्षभर कुणी मैदानावर बघितलाच न्हाई. नाजीची तर गोष्टच सोडा. जोकिच बाहेर गेला की पाच मिनिटांत दहा गुणांची आघाडी धुतली जायची, आणि घाम पुसायच्या आत त्याला परत आत. सीझनला सरासरी २९.६ गुण, १२.७ रिबाउंड, १०.२ असिस्ट काढणारा माणूस आणि त्याला श्वास घ्यायला न्हाई देत.

व्हालानचुनास बुटका न्हाई, हलका न्हाई, पोस्टमध्ये बॉल द्या, दोन गुण द्या, रिबाउंड द्या. कामाला लागला की काम करतो.

भीती ही, की जुलैत बातम्या होत्या तो ग्रीसला पानाथिनाइकोसकडं जायला बघतोय. शेवटी थांबला खरा. पण मन तिकडं आणि अंग इकडं असं नको.

गोकाकचा_करदंट

हौदु. युरोबास्केटला लिथुआनियाकडून खेळताना बघितला त्याला. क्वार्टर फायनलला ग्रीसशीच हरले. ग्रीसला जायचं होतं म्हणून हरला की काय 😄

आपल्या जोकिचचं पण दुखणंच झालं. सर्बिया फिनलंडकडून हरली. मार्कानेननं धुतलं.

राजहंस

जोकिचला सर्बिया हरल्याचं दुःख होणार, पण घोडा हरला असता तर जास्त झालं असतं. जुलैत सोंबोरला त्याचा घोडा जिंकला तेव्हा ढसाढसा रडला. एनबीए जिंकल्यावर २०२३ ला त्यानं काय विचारलं होतं? परेड कधी आहे, मला घरी जायचंय.

मलप्रभाकाठ (खानापूर)

असा माणूस आपल्या बाजूला जन्मला असता तर बैलगाडा शर्यतीत दिसला असता आणि बास्केटबॉल कधी खेळलाच नसता. नशीब.

राजहंस

बैलाच्या खुराकावर त्याला एक धागा काढायला सांगू.

अॅडमिन_बेळगाव

बैलांचा धागा वेगळा आहे, तिकडे सध्या वातावरण तापलंय, इथे आणू नका. विषयावर या.

पॉइंट_गार्ड_१४

मी कॉलेजच्या टीमकडून खेळतो म्हणून एक शंका. सगळे सेंटरबद्दल बोलताय, पण वेस्टब्रूक गेल्यावर दुसऱ्या फळीत बॉल आणणार कोण? वेस्टब्रूकनं मागच्या सीझनला सामन्याला १३ गुण आणि ६ असिस्ट दिले. टर्नओव्हर केले, मान्य. नको तिथे थ्री मारले, मान्य. पण मरे बसला की बॉल पुढे नेणारा तोच होता. आता? ब्राऊन हा पॉइंट गार्ड नाही. पिकेट आहे, पण त्याच्यावर भरवसा किती?

हे एकदा कोर्टावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आमचं सिमेंटचं कोर्ट आत्ता पावसानं शेवाळलंय, घसरतं. तिथे समोरच्यानं फुल कोर्ट प्रेस लावला आणि आमचा मुख्य गार्ड बाहेर असला की बाकीचे सगळे "बॉल कोडो, बॉल कोडो" ओरडत उभे राहतात, घ्यायला पुढे कोणी येत नाही. ओकेसी तेच करते. केसन वॉलेस, डॉर्ट, करूसो असे तीन-तीन कुत्र्यासारखे मागे लागणारे त्यांच्याकडे आहेत.

उद्यमबागकर

@पॉइंट_गार्ड_१४, शंका रास्त. मला वाटतं अॅडलमन मरे आणि जोकिच दोघांना एका वेळी बसवणार नाही. एक आत, एक बाहेर. मग दुसऱ्या फळीला वेगळा गार्ड लागतच नाही, मरे आणि व्हालानचुनास ही जोडी चालेल. मरेला पिक अँड रोलला (सेंटरनं डिफेन्डरला अडवून गार्डला वाट करून द्यायची चाल) जाड स्क्रीन मिळाला की तो काय करतो ते माहीत आहे.

पॉइंट_गार्ड_१४

मरे सीझनभर तंदुरुस्त राहिला तर, काका. तिथेच तर गाडी अडते दरवर्षी.

सौ_अनगोळ

आणि प्लेऑफमध्ये ओकेसीच्या शाई गिल्जस-अलेक्झांडरनं व्हालानचुनासला पिक अँड रोलमध्ये ओढलं की काय? तो पाय हलवेपर्यंत शाई फ्री थ्रो लाइनवरून मारून मोकळा झालेला असतो. रेग्युलर सीझनमध्ये जोकिचचे पाय वाचवणं हे त्याचं काम, मला ते पटतं. पण मे महिन्यात तो बाकावरच असणार हे धरून चाला. तेव्हा ऑक्टोबर ते एप्रिलसाठी आपण २०३२ दिलं का, हा आखाडांचा प्रश्न मला उडवून लावता येत नाही.

आखाडा (येळ्ळूर)

शेवटी कुणीतरी बाजूनं बोललं. ताई, पोळ्यांवर तूप माझ्याकडून.

कॅम्पातला_निवृत्त

मुलांनो, एक जुनी गोष्ट. कोणीच अॅडलमनवर बोललं नाही. त्याचा बाप रिक अॅडलमन, हॉल ऑफ फेममध्ये आहे. २००० च्या आसपास सॅक्रामेंटो किंग्जचा कोच होता. त्या संघाचा सेंटर व्लादे दिवाच, सर्बियाचा, फ्री थ्रो लाइनजवळ उभा राहून पास देणारा. बरोबर स्टोयाकोविच, वेबर. मोठ्या माणसाच्या हातात बॉल ठेवायचा आणि बाकीच्यांनी त्याच्याभोवती पळायचं, ही त्या संघाची पद्धत. आज त्याचाच मुलगा सर्बियाच्याच सेंटरचा कोच आहे. घरात जेवताना हेच ऐकत मोठा झाला असणार.

म्हणून मला जॉन्सन आवडला. त्या किंग्जमध्ये स्टोयाकोविच स्थिर उभा राहून थ्री मारत नसे, सतत फिरत असे. पोर्टर उभा राहतो. जॉन्सन फिरतो. मुलाला बापासारखा संघ करायचा असेल तर जॉन्सनच लागणार.

बाकी हार्डवेचा बापही हॉल ऑफ फेममध्ये गेला, २०२२ ला. गोल्डन स्टेटचा तो क्रॉसओव्हर आम्ही व्हीसीआरवर कॅसेट लावून बघितलाय. सगळा बापांचाच संघ झालाय.

कुंदा_विथ_कॉफी

कॅम्पातले काका महिन्यातून एकदा येतात आणि धागा खिशात घालून जातात.

निपाणीकर_निर्व्यसनी

काका, व्हीसीआर कुठला होता ते पण सांगा, वेगळा धागा काढू.

ताळेबंद (चिकोडी)

थ्रीवरून आठवलं. मागच्या सीझनला सामन्यामागे थ्री मारण्यात नगेट्स लीगच्या अगदी तळाला होते. पडत होते बऱ्यापैकी, पण मारतच नव्हते. ओकेसीनं आत गर्दी करून जोकिचला दोघांनी धरलं ते त्यामुळेच. बाहेर सोडलं तरी गॉर्डन किंवा वेस्टब्रूक मारणार नाही, किंवा मारला तर बरंच, असा हिशेब होता. आता वेस्टब्रूकच्या मिनिटांत हार्डवे. हार्डवेला डिफेन्स येत नाही म्हणा, बॉल धरून ठेवतो म्हणा, पण तो थ्री मारायला लाजत नाही. हा बदल फुकटात झालाय आणि कदाचित सगळ्यात जास्त हाच दिसेल.

मलप्रभाकाठ (खानापूर)

लाजत नाही हे खरं. मॅव्हरिक्सकडून २०२४ ची फायनल खेळायला मिळाली तेव्हा बेंचवरूनच हात वर करून बॉल मागत असेल.

गनर_गणेशपूर

मी अजून वाचतोय. मला वेस्टब्रूक सापडला नाही, तो कुठे गेला शेवटी?

पास_देणारा (टिळकवाडी)

@गनर, अजून कुठेच नाही. सप्टेंबर निम्मा संपला तरी करार नाही. वाईट वाटतं. सीझनभर सरासरी ट्रिपल-डबल (गुण, रिबाउंड, असिस्ट तिन्ही दहा किंवा वर) काढणारे इतिहासात तीनच, रॉबर्टसन, वेस्टब्रूक आणि मागच्या सीझनला जोकिच; त्यातले दोघे एका ड्रेसिंग रूममध्ये होते.

राजहंस

जोकिचनं एक्स्टेन्शन घेतलं नाही त्याबद्दल कोण काही बोलत नाही. घाबरायचं का?

ताळेबंद (चिकोडी)

घाबरायचं नाही. पुढच्या उन्हाळ्यात सही केली तर जास्त वर्षांचा आणि जास्त मोठा करार मिळतो, म्हणून थांबलाय. कोणताही सीए हेच सांगेल. पण वॉलेस-टेन्झर यांना त्यामुळे घाई आहे हे खरं. हा सीझन त्याला दाखवायचा आहे की इथे अजून जिंकता येतं. क्लिपर्सकडे लोपेझ, बील, क्रिस पॉल गेले, ह्यूस्टननं ड्युरँट घेतला, ओकेसीची तर सगळी टीम तशीच आहे. ५० विजयांत चौथा नंबर आला होता मागे, तेवढ्यात यंदा भागेल असं वाटत नाही.

पॉइंट_गार्ड_१४

ह्यूस्टननं ड्युरँटसाठी जेलन ग्रीन, डिलन ब्रूक्स आणि दहावं पिक दिलं. त्याच्यासमोर आपला सौदा ठेवून बघा. आपण पोर्टर देऊन जॉन्सन घेतला. त्यांनी ग्रीन देऊन ड्युरँट. मला झोप येत नाही यावर.

उद्यमबागकर

ड्युरँट ३६ संपून ३७ चा होतोय. झोप बाळा.

सौ_अनगोळ

धागाकर्त्यांनी सुरुवातीला दुसरा प्रश्न विचारला होता, त्याला कोणीच हात लावला नाही. जानेवारीत कशावरून ठरवायचं?

माझं उत्तर: जॉन्सनचे गुण बघू नका. तो १४-१५ वर येईल आणि लोक ओरडतील की पोर्टर १८ मारत होता. जोकिच बाकावर असलेली मिनिटं बघा. ती मिनिटं निम्म्या वेळा बरोबरीत सुटली तरी सौदा वसूल. आघाडी अजिबात नको, फक्त बरोबरी. आणि जोकिचची मिनिटं मागच्या वेळच्या ३६-३७ वरून ३३-३४ वर आली का ते बघा. एवढं झालं तर मे महिन्यात त्याचे पाय ताजे असतील, आणि व्हालानचुनास तेव्हा बाकावर बसला तरी त्याचं काम झालेलं असेल.

पास_देणारा (टिळकवाडी)

ताई, हे मी लिहून ठेवतो. मी एकच जोडतो: जोकिच, मरे, ब्रॉन, जॉन्सन, गॉर्डन हे पाच एकत्र असताना बॉल किती वेळा एका हातात अडकतो. मागच्या पाचांत पोर्टरकडे गेलेला बॉल परत येत नसे. हे आकड्यात कुठे लिहिलेलं नसतं, बघूनच कळतं.

पहिला सामना गोल्डन स्टेटला आहे, आपल्याकडे २४ ऑक्टोबरला सकाळी साडेसातला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. पोळ्यांचा ताण नाही, फराळावर भागवा.

सौ_अनगोळ

चकल्या कोण करतं असं वाटतं तुम्हाला?

कॅम्पातला_निवृत्त

😂

आखाडा (येळ्ळूर)

आणि रिबाउंड. जॉन्सन तीनवर (स्मॉल फॉरवर्डच्या जागी) उभा असताना समोरचे किती आक्रमक रिबाउंड नेतात ते पण यादीत घाला. ते दोघांनीही लिहायचं बरोबर टाळलंत.

पास_देणारा (टिळकवाडी)

घातलं. रिबाउंडची वही तू सांभाळायची.

आखाडा (येळ्ळूर)

सांभाळतो. पण सकाळी साडेसातला नाही, तालमीतून साडेआठला येतो. पहिल्या हाफचे कुणीतरी लिहून ठेवा.